लाल विंचवाचे विष : परळ ते नारायणगाव

लाल विंचवाच्या नांगीतून एका डंखात उतरणारे विष मिलिग्रॅमच्या मापातले असते. एवढ्याशा द्रवात शंभराहून अधिक प्रथिने आणि पेप्टाइडे असतात, हे कळायला विसाव्या शतकाचा शेवट उलटून जावा लागला. पश्चिम महाराष्ट्रात या विषाचा अभ्यास जवळजवळ शंभर वर्षे चालला आहे आणि त्याचा क्रम उलटा आहे. एरवी आधी पदार्थ ओळखला जातो, मग त्याचा परिणाम तपासला जातो, शेवटी उतारा शोधला जातो. येथे आधी रोगी आला, मग उतारा सापडला, आणि विषात नेमके काय आहे याची यादी सर्वांत शेवटी तयार झाली. या अभ्यासातही विंचवाला जागा मिळाली. त्याचाच चुलतभाऊ असलेला कोळी मात्र दाराबाहेर राहिला.

या विंचवाचा मुलूख समजून घ्यायला जुन्नर तालुक्यातील डिंगोरे सोयीचे गाव आहे. ओतूरहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर ते लागते. पश्चिमेला पिंपळगाव जोगे आणि मढ, त्यापलीकडे घाट, आणि घाटाखाली मुरबाडचे कोकण. पूर्वेला ओतूर आणि पुढे कोरडे होत जाणारे देशावरचे पठार. घाटमाथ्यावर कोसळणारा पाऊस नारायणगाव, आळेफाट्यापर्यंत पोचता पोचता अगदी थोडा उरतो. भाताची खाचरे आणि बाजरीची रानेही अशी थोड्या अंतरात एकमेकांची जागा घेतात. लाल विंचवाला दोन्ही मानवतात. बांधाच्या दगडांखाली, गोवऱ्यांच्या ढिगात, पेंढ्यात, कौलांच्या खाचेत आणि सुटलेल्या झाडसालीआड तो दिवसभर दडून असतो आणि रात्री बाहेर पडतो. त्यामुळे डंख बसतो तो बहुधा अंधारात चप्पल शोधणाऱ्या पायाला किंवा सरपण उचलणाऱ्या हाताला.

गावोगावी भीती मात्र वाटते ती मोठ्या काळ्या विंचवाची. तो हातभर दिसतो, आकडे परजतो. पण त्याच्या विषाने माणूस सहसा दगावत नाही. आकड्यांनी भक्ष्य दाबून मारणाऱ्या विंचवाला जहाल विषाची गरज नसते, आणि ज्याचे आकडे बारीक त्याची शेपटी जाड व विष जालीम, हा ढोबळ नियम येथेही लागू पडतो. लाल विंचू जेमतेम बोटाएवढा. १७९८ मध्ये डॅनिश कीटकशास्त्रज्ञ फाब्रिशियस याने त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. त्यानंतर त्याची प्रजाती बदलत गेली. ब्यूथस, मग मेसोब्यूथस, आणि आता हॉटेंटोटा. ‘टॅम्युलस’ हे जातिनाम तेवढे टिकले. रेजिनाल्ड पोकॉक यांनी १९०० मध्ये ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या मालेतील अष्टपादांचा खंड लिहिला. त्यात त्यांनी कोकणातील लाल विंचवाचा वेगळा प्रकार मानून त्याला ‘कॉन्कनेन्सिस’ असे नाव दिले. पोकॉक पाहत होते रंग आणि शरीराची ठेवण. विषाशी त्यांना कर्तव्य नव्हते. तरी कोकणचा आणि देशावरचा विंचू एकच की वेगळा, हा त्यांनी सहज टाकलेला प्रश्न पुढे शंभर वर्षांनी प्रयोगशाळेत परत आला.

विषाचा अभ्यास सुरू झाला तो परळला. प्लेगच्या साथीत वाल्डेमार हाफकिन यांनी उभारलेली प्लेग संशोधन प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नर निवासात आली आणि १९२५ मध्ये तिला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळाले. येथे डॉ. कृ. श्री. म्हसकर आणि जेझुइट धर्मगुरू फादर कायस यांनी सर्प आणि विंचू या दोन्हींवर काम केले. सर्पदंशावर गुणकारी समजल्या जाणाऱ्या तीनशेहून अधिक वनस्पती त्यांनी प्राण्यांवर तपासल्या. एकीचाही उपयोग होत नाही, हा १९३१ मधला त्यांचा निष्कर्ष आजही जुना झालेला नाही. पुढच्याच वर्षी त्यांनी भारतीय विंचवांवर शंभर पानांचे टिपण ‘इंडियन मेडिकल रिसर्च मेमॉयर्स’मध्ये प्रसिद्ध केले.

म्हसकर-कायस यांचे सांगणे खेड्यांपर्यंत पोचले नाही, आणि पोचले असते तरी पटले नसते. विंचू उतरवणारा मांत्रिक आणि आघाड्याचे मूळ यांच्यावरचा विश्वास अनुभवातून आलेला होता. लाल विंचवाने डंख मारलेल्या बहुतेक प्रौढांना दिवसभर असह्य ठणका लागतो आणि मग तो आपोआप ओसरतो. ओसरण्याच्या सुमारास जो उपाय चालू असेल त्याला यश मिळते. ज्या थोड्यांच्या शरीरात विष पसरते, विशेषतः लहान मुलांच्या, त्यांच्यावर मंत्रही चालत नाही आणि मूळही. पण तो दोष उपायाकडे न जाता नशिबाकडे जातो. विंचवाच्या विषाचे स्वरूप असे फसवे असल्यामुळे त्यावरचे खोटे उपाय सापाच्या विषावरील उपायांपेक्षा जास्त टिकले, असे म्हणायला हरकत नाही.

त्या काळी विष मिळवण्याची रीत ओबडधोबड होती. नांग्या कापायच्या, मिठाच्या पाण्यात खलायच्या आणि गाळलेला अर्क विष म्हणून वापरायचा. त्या अर्कात ग्रंथीचे मांस, रक्तद्रव आणि विष सगळेच मिसळलेले असे. अशा मिश्रणातली प्रथिने मोजून विषाबद्दल फारसे कळत नाही. पुढे विजेची रीत आली. विंचवाला चिमट्यात धरून शेपटीच्या शेवटच्या पेरापाशी मंद विद्युतधक्का दिला की ग्रंथीभोवतीचे स्नायू आकसतात आणि नांगीच्या टोकावर थेंब येतो. पहिला थेंब बहुधा पाण्यासारखा निवळ असतो, नंतरचा दुधाळ. थेंब काचेवर किंवा बारीक नळीत टिपून, गोठवून निर्वातात वाळवला की पांढरट भुकटी उरते आणि ती वर्षानुवर्षे टिकते. कोळ्याचे विषही जवळपास याच पद्धतीने काढतात; फक्त तेथे धक्का विषदंतांच्या मुळाशी द्यावा लागतो आणि मिळणारे विष सहसा त्याहूनही कमी असते. ग्रॅमभर भुकटीसाठी शेकडो विंचू आणि अनेक खेपा लागतात. या क्षेत्रातले संशोधन हळू का चालले, याचे अर्धे उत्तर या हिशेबात आहे.

उरलेले अर्धे उत्तर दवाखान्यात मिळते. विंचवाने माणूस नेमका कशाने मरतो, हेच बराच काळ स्पष्ट नव्हते. १९६१ मध्ये डॉ. मुंडले यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये विंचूदंशानंतर फुप्फुसात पाणी भरते हे नोंदवले. त्याच वर्षी हाफकिनमधील डॉ. पी. जे. देवरस यांनी महाराष्ट्रातील विंचवांचा विस्तार, दंशांचे प्रमाण आणि नियंत्रण यांवर लेख लिहिला. रोग्याच्या खाटेशी बसून या कोड्याचा पाठपुरावा केला तो डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी. जालना जिल्ह्यातील खेड्यातून आलेले बावस्कर १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तेथे विंचवाने मरणारी मुले आणि तरुण त्यांनी रात्र रात्र जागून पाहिले. ओकारी, घामाच्या धारा, थंडगार पडलेले हातपाय, पुरुषांत लिंगाचा ताठरपणा, आधी चढलेला आणि मग कोसळलेला रक्तदाब, शेवटी तोंडाला येणारा गुलाबी फेस. या लक्षणांचा क्रम त्यांनी घड्याळ लावून टिपला आणि १९८२ मध्ये तो ‘लॅन्सेट’मध्ये आला. हृदयावर विंचवाच्या विषाचा परिणाम इस्रायलमध्ये मोशे ग्युरॉन यांनीही अभ्यासला होता. कोकणातल्या नोंदी त्याच दिशेने जात होत्या.

या लक्षणांमागची यंत्रणा अशी. चेतातंतूंच्या आवरणात सोडियमचे विद्युतभारित कण आत सोडणाऱ्या वाटा असतात. संदेश गेला की त्या क्षणार्धात मिटतात. विंचवाच्या विषातली काही पेप्टाइडे या वाटा मिटूच देत नाहीत. चेतातंतू संदेश पाठवतच राहतात आणि अॅड्रिनलिनच्या कुळातल्या रसायनांचा शरीरात पूर येतो. रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर ताण येतो, रक्त मागे तुंबते आणि फुप्फुसात पाणी झिरपते. म्हणजे रक्तवाहिन्यांना आवळणारे आल्फा ग्राहक बंद केले तर पुढचे सारे टळावे. प्रॅझोसिन हे रक्तदाबाचे औषध नेमके तेच करते. बावस्करांनी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह त्याचा वापर केला आणि निष्कर्ष १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. गंभीर रोग्यांतले मृत्यूचे प्रमाण पूर्वी तीस टक्क्यांच्या आसपास होते. प्रॅझोसिननंतर ते एक टक्क्याच्या घरात आले. गोळी स्वस्त, तोंडाने घेण्याची, आणि खेड्यातल्या डॉक्टरला देता येण्याजोगी. २०२२ मध्ये बावस्करांना पद्मश्री मिळाली. एखाद्या विषाचे एकही प्रथिन वेगळे न करता त्याचा उतारा शोधता येतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण वैद्यकाच्या इतिहासात फार नाही.

प्रथिने वेगळी करण्याचे काम या काळात बरेचसे परदेशात होत होते. १९८१ मध्ये छटवाल आणि हाबरमान यांनी ‘टॉक्सिकॉन’ या नियतकालिकात भारतीय लाल विंचवाच्या विषातील चेताविषे, प्रथिनविघटन रोखणारे घटक आणि हिस्टामिन मुक्त करणारे घटक निरनिराळे करून दाखवले. १९९० मध्ये याच विषातून आयबेरिओटॉक्सिन हे ३७ अमिनो आम्लांचे पेप्टाइड मिळाले. पेशीतील पोटॅशियमच्या एका ठरावीक वाटेचे तोंड ते बुचासारखे बंद करते, शेजारच्या वाटांना हात लावत नाही. त्यामुळे जगभरच्या शरीरक्रियाशास्त्राच्या प्रयोगशाळांना ते हत्यार म्हणून हवेहवेसे झाले. २००१ मध्ये टॅम्युलसटॉक्सिन आणि २००२ मध्ये टॅमॅपिन यांची भर पडली. देशावरच्या बांधाखालचा विंचू अशा रीतीने रसायनविक्रेत्यांच्या यादीत गेला. ज्या तालुक्यांत तो डसतो तेथल्या दवाखान्यांना या संशोधनाचा थेट लाभ फारसा झाला नाही.

दवाखान्यांच्या उपयोगाचे काम पुन्हा हाफकिनच्या वाटेने आले. लस आणि रक्तद्रवाच्या उत्पादनासाठी वेगळ्या केलेल्या हाफकिन जैव-औषध महामंडळाचे रक्तद्रवनिर्मितीचे काम पुण्याजवळ पिंपरीला चालते. घोड्यांना वाढत्या मात्रेने विष टोचायचे, त्यांच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडे वेगळी करायची, ही सर्पविषाची जुनी पद्धत लाल विंचवासाठी वापरायची होती. अडचण प्रथिनांच्या आकाराची होती. विंचवाची मारक पेप्टाइडे तीस ते सत्तर अमिनो आम्लांची, म्हणजे फारच लहान. इतक्या लहान रेणूंना घोड्याचे शरीर परके म्हणून नीट ओळखत नाही. कणकोणकर, कुलकर्णी आणि हुलिकावी यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या पद्धतीत विष बेंटोनाइट या मातीवर चढवून दिले गेले, म्हणजे ते शरीरात रेंगाळावे आणि प्रतिसाद वाढावा. या विंचूविरोधी प्रतिविषाचा पश्चिम महाराष्ट्रातील ग्रामीण रुग्णालयातला अनुभव नातू आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांच्या लेखाच्या शीर्षकात पोकॉक यांचे ‘कॉन्कनेन्सिस’ पुन्हा दिसते. पुढे २०११ मध्ये बावस्करांनी ७० रोग्यांची चाचणी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये दिली. प्रॅझोसिनबरोबर प्रतिविष मिळालेल्या ३५ पैकी ३२ जण दहा तासांत बरे झाले, नुसते प्रॅझोसिन मिळालेल्या ३५ पैकी ८. गोळी जीव वाचवते आणि प्रतिविष त्रासाचे तास कमी करते, असे या आकड्यांचे सार आहे.

कोकण आणि देश यांचा प्रश्न याच दशकात परत आला. कोकणात लाल विंचवाचा दंश जास्त जीवघेणा ठरतो आणि देशावर तितका नाही, हे डॉक्टरांना दिसत होते. उशिरा मिळणारे उपचार, कोकणातला दुर्गमपणा, रोग्याचे वय, विंचवाचा आकार अशी अनेक कारणे त्यासाठी सुचवता येत; पण विषच वेगळे आहे का, हे तपासल्याशिवाय कळणार नव्हते. २००६ मध्ये बढे आणि सहकाऱ्यांनी पश्चिम व दक्षिण भारतातल्या लाल विंचवांच्या विषांची तुलना जेल इलेक्ट्रोफोरेसिसने केली. या पद्धतीत प्रथिने जेलच्या पातळ थरातून विजेच्या ओढीने पळवतात. लहान प्रथिने पुढे जातात, मोठी मागे रेंगाळतात आणि रंग दिल्यावर पट्ट्यांची शिडी दिसते. जागोजागच्या विषांच्या शिड्या सारख्या नव्हत्या.

पट्टी दिसते, पण एका पट्टीत आकाराने सारखी अनेक प्रथिने लपलेली असू शकतात. ती सुटी करायला मास स्पेक्ट्रोमेट्री लागते. प्रथिनासारखा नाजूक आणि मोठा रेणू न तोडता विद्युतभारित करून हवेत उडवणे १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत अशक्यप्राय समजले जात होते. ते साधणाऱ्या जॉन फेन आणि कोइची तानाका यांना २००२ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले आणि विषांच्या अभ्यासाची गती पालटली. आता विष आधी क्रोमॅटोग्राफीच्या स्तंभातून सोडून त्याचे भाग पाडायचे, मग प्रत्येक भागातल्या रेणूंची वजने मोजायची. शेफिल्ड हॅलम विद्यापीठातील पीटर स्ट्राँग आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये लाल विंचवाच्या विषाच्या मारक भागांची अशी वजने घेतली. दमट कोकणपट्टी आणि पर्जन्यछायेतले पठार, या दोन अधिवासांतल्या विंचवांत पेप्टाइडांचा संच वेगवेगळा निघाला. म्हणजे डॉक्टरांचा संशय निराधार नव्हता. डिंगोऱ्यासारखी गावे या दोन टोकांच्या बरोबर मध्ये येतात. घाटमाथ्यापासून पूर्वेकडे पावसाचे मान जसे कोसागणिक बदलते, तसे विषही टप्प्याटप्प्याने बदलत असेल, तर ‘कोकणी’ आणि ‘देशी’ असे दोन खाने पुरणार नाहीत.

संपूर्ण यादी जुळवण्याचा मोठा प्रयत्न महाराष्ट्राबाहेर, आसाममधील तेजपूर विद्यापीठात झाला. २०२० मध्ये दास, पात्रा आणि मुखर्जी यांनी लाल विंचवाच्या विषात ११० विषप्रथिने ओळखली. सोडियम आणि पोटॅशियम वाटांवर काम करणारी मिळून ७६.७ टक्के भरली. उरलेल्यांत प्रथिने तोडणाऱ्या विकरांसारखी प्रथिने होती आणि ऊतींमधला सिमेंटसारखा पदार्थ विरघळवून विषाला वाट करून देणारे हायल्युरोनिडेज होते. बाजारातले विंचूविरोधी प्रतिविष कमी वजनाच्या विषप्रथिनांना नीट ओळखत नाही, हेही त्यांना दिसले. पिंपरीत मातीचा आधार घेऊन ज्या अडचणीवर मात करू पाहिली होती, ती अडचण अजून पुरती सुटलेली नाही.

याच साधनांनी जगात कोळ्यांच्या विषाचा अभ्यास कितीतरी पुढे गेला आहे. तेथेही कारण मृत्यूच होते. ऑस्ट्रेलियात फनेल-वेब कोळ्याने माणसे मरत. स्ट्रुअन सदरलँड यांनी १९८१ मध्ये त्यावर प्रतिविष आणले आणि मृत्यू थांबले. कोळ्याच्या विषातली बरीच पेप्टाइडे गंधकाच्या पुलांनी गाठ मारल्यासारखी बांधलेली असतात, त्यामुळे ती उष्णतेला आणि पाचक विकरांना दाद देत नाहीत. कीडनाशके आणि वेदनाशामके शोधणाऱ्यांचे लक्ष म्हणूनच त्यांच्याकडे गेले. विडो कोळ्यांच्या विषातले आल्फा-लॅट्रोटॉक्सिन याला अपवाद; ते विंचवाच्या पेप्टाइडांच्या मानाने प्रचंड आकाराचे प्रथिन आहे. ब्राउन विडो या कोळ्याची भारतातली पहिली नोंद ‘करंट सायन्स’मध्ये २००७ साली आली. सह्याद्रीच्या दरडींत आणि झाडांच्या ढोलीत मोठे, केसाळ टॅरंटुला कोळीही राहतात. त्यांची भीती भरपूर, त्यांच्यामुळे जाणारे बळी मात्र जवळजवळ नाहीत. आणि जे मारत नाही त्याच्या विषाकडे येथे पैसा आणि माणसे वळली नाहीत. शास्त्रीय कुतूहलापुरते पाहिले तर ही निवड चुकीची आहे, कारण सर्वांत उपयोगी पेप्टाइडे सर्वांत घातक प्राण्यातच मिळतील असे काही नाही. लोकांचा जीव वाचवण्याच्या हिशेबाने मात्र ती समजण्यासारखी आहे.

जुन्नर तालुक्यात तो हिशेब मुख्यतः सापांचा आहे. ऊस, भाजीपाला आणि द्राक्षांच्या रानांत घोणस, नाग, मण्यार आणि फुरसे यांचे दंश नित्याचे. नारायणगावात डॉ. सदानंद राऊत आणि डॉ. पल्लवी राऊत यांनी सर्पदंशाच्या उपचारांचे आणि शून्य मृत्यूच्या मोहिमेचे काम उभे केले. त्याच नारायणगावात प्रीमियम सिरम्स अँड व्हॅक्सिन्स ही कंपनी भारतासाठी आणि आफ्रिकेसाठी सर्पविषावरील तसेच विंचवाच्या विषावरील प्रतिविष बनवते. परळला सुरू झालेली विद्या पिंपरीमार्गे डिंगोऱ्याच्या तालुक्यात अशी उतरली. भारतीय उत्पादकांना लागणारे सापांचे विष बहुतांश तमिळनाडूतील इरुळा सर्पविष सहकारी संस्थेकडून येते, आणि प्रदेशानुसार विष बदलण्याचा लाल विंचवात दिसलेला प्रश्न सापांच्या बाबतीत त्याहून मोठा आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत कार्तिक सुनगर यांच्या गटाने २०१९ पासून तो निरनिराळ्या राज्यांतल्या विषांवर दाखवून दिला आहे.

कारखान्यातली कसोटी मात्र जुनीच आहे. औषधकोशाप्रमाणे अनेक सापांवर चालणाऱ्या सर्पप्रतिविषाच्या एका मिलिलिटरने नाग आणि घोणस यांचे प्रत्येकी ०.६ मिलिग्रॅम, मण्यार आणि फुरसे यांचे प्रत्येकी ०.४५ मिलिग्रॅम विष निष्प्रभ करायला हवे. ते झाले की नाही, हे ठरते प्रतिविषात मिसळलेले अख्खे विष टोचलेल्या उंदरांपैकी किती जगले यावरून. विषातल्या कोणत्या प्रथिनाला प्रतिविषाने गाठले आणि कोणते निसटले, हे या मोजमापात कोठेही लिहिले जात नाही.